युद्धपट बघताना पडणारे प्रश्न: गोळी लागल्यानंतर काय होतं?

साताऱ्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, एक युद्धपट लावतो आणि नंतर चहा होईपर्यंत बोलत बसतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या घरात कुणी ना कुणी पलटणीत आहे किंवा होतं. त्यामुळे प्रश्न फक्त सिनेमाचे राहत नाहीत. चिठ्ठ्यांवर आणि फोनवर जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एका जागी मांडले आहेत. बऱ्याच उत्तरांत गोष्टीचा शेवट सांगावा लागला आहे, ते लक्षात ठेवून वाचा.

१. युद्धपट नेमकं कशाला म्हणायचं?

ज्या चित्रपटातली माणसं युद्धामुळे जगतात, मरतात किंवा बदलतात, तो युद्धपट. रणगाडे असलेच पाहिजेत असं नाही. लढाईच न दाखवणाऱ्या चित्रपटांबद्दल प्रश्न १६ मध्ये आणि आपल्या ऐतिहासिक चित्रपटांबद्दल प्रश्न १७ मध्ये लिहिलं आहे.

२. "युद्धाची माणसांना पडलेली किंमत" असं तुम्ही सारखं म्हणता. ती पडद्यावर ओळखायची कशी?

पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांकडे पोचलेला सांकेतिक निरोप आपण शाळेत ऐकलेला असतो. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. खुर्दा म्हणजे बाकी सगळे.

मी कुठलाही युद्धपट बघताना हा निरोप मनात ठेवते. चित्रपट मोत्यांवर थांबतो की खुर्द्यापर्यंत जातो? नायकाला गोळी लागली की संगीत सुरू होतं, पाच मिनिटं जातात. त्याच्या शेजारचा शिपाई मात्र एका सेकंदात चौकटीबाहेर पडतो आणि पुन्हा कुणी त्याचं नाव काढत नाही. त्या शिपायाला नाव आहे का, गाव आहे का, त्याच्या मरणाची बातमी कुठल्या घरी पोचते का, हे बघा. दुसरी खूण जखमांची. एका प्रसंगात मांडीत गोळी लागलेला माणूस पुढच्या प्रसंगात धावत असेल, तर दिग्दर्शकाला दुखण्याशी देणंघेणं नाही. रक्त किती सांडलं ते मोजू नका, रक्त सांडल्यावर किती वेळ कॅमेरा तिथे राहिला ते मोजा.

३. मी आजवर एकही युद्धपट नीट पाहिलेला नाही. कुठून सुरुवात करू?

'बॅलड ऑफ अ सोल्जर'पासून. १९५९ चा सोव्हिएत चित्रपट, दिग्दर्शक ग्रिगोरी चुखराय. ते स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढून जखमी झाले होते. गोष्ट एवढीशी आहे. अल्योशा नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा भीतीच्या भरात दोन रणगाडे निकामी करतो. सेनापती पदक द्यायला निघतो तेव्हा तो म्हणतो, पदक नको, घरी जाऊ द्या, आईचं छप्पर गळतंय, तेवढं दुरुस्त करून येतो. सुट्टी मिळते. पण वाटेत एक पाय गमावलेला सैनिक भेटतो, कुणाचा निरोप पोचवायचा असतो, एक मुलगी भेटते, पुलावर बाँब पडतात. सुट्टीचे दिवस रस्त्यातच संपतात. आईला तो भेटतो तो काही मिनिटंच, आणि तिथूनच परत फिरतो.

तो परत येणार नाही हे चित्रपट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणून शेवटाची धास्ती नसते आणि मधल्या प्रत्येक क्षणाला वजन येतं. 'सुट्टीवर आलाय' हे दोन शब्द ज्या घरांत ऐकले गेलेत, तिथे हा चित्रपट समजावून सांगावा लागत नाही.

त्यानंतर मिखाइल कालातोझोव्ह यांचा 'द क्रेन्स आर फ्लाइंग' बघा. १९५७ चा चित्रपट, कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक १९५८ मध्ये मिळालेला. यात युद्ध मागे राहिलेल्या वेरोनिकाच्या बाजूने दिसतं. शेवटी स्टेशनवर जिंकून आलेल्यांचं स्वागत चाललेलं असतं, तिचा बोरिस त्यात नसतो, आणि हातातली फुलं ती भेटेल त्याला वाटत सुटते.

४. 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' जुना बघू की नवा?

एकच बघायचा असेल तर १९३० चा, लुईस माइलस्टोन यांचा.

दोन्ही एरिख मारिया रेमार्क यांच्या १९२९ मधल्या कादंबरीवर आधारलेले आहेत. ती पहिल्या महायुद्धात लढणाऱ्या पॉल या जर्मन पोराची गोष्ट आहे. २०२२ चा एडवर्ड बर्गर यांचा जर्मन चित्रपट तांत्रिकदृष्ट्या फार भारी आहे, चार ऑस्करही मिळाले. त्याची सुरुवात तर मी विसरूच शकत नाही. मेलेल्या सैनिकाचा गणवेश काढतात, धुतात, गोळीची भोकं शिवणयंत्रावर शिवतात, आणि तोच नव्या भरतीच्या पॉलच्या हातात देतात. आत दुसऱ्याच्या नावाची पट्टी राहिलेली असते.

पण नव्या चित्रपटात पॉल सुट्टीवर घरी जातो तो भागच गाळला आहे, आणि माझ्या मते गोष्टीचा जीव तिथे आहे. जुन्या चित्रपटात तो आपल्या शाळेच्या वर्गात जातो. ज्या मास्तरांनी देशासाठी मरण्याची भाषणं देऊन त्याच्या वर्गाला भरतीला धाडलं, ते आता पुढच्या पोरांना तेच सांगत असतात. पॉल खरं काय ते सांगतो आणि पोरं त्यालाच भित्रा म्हणतात. घरी त्याला बोलायला माणूस उरत नाही, आघाडीवरच बरं वाटायला लागतं. याहून मोठं नुकसान मला दुसरं माहीत नाही.

शेवटही वेगळे आहेत. कादंबरीतला पॉल ऑक्टोबर १९१८ मधल्या एका शांत दिवशी मरतो, आणि त्या दिवशीच्या अहवालात आघाडीवर नवीन काही नाही एवढंच लिहिलेलं असतं. जुन्या चित्रपटात खंदकातून फुलपाखराकडे जाणारा हात दिसतो, तो हात खुद्द माइलस्टोन यांचा आहे. नव्यात तो युद्धबंदीच्या ऐन तोंडावर, ११ नोव्हेंबरला मरतो. त्याने हळहळ वाढते, पण 'नवीन काही नाही' मधला थंडपणा जातो.

५. सैनिक घरी परतला की सिनेमा संपतो. जखमी माणसाच्या पुढच्या आयुष्यावर कुणी काही केलं आहे का?

केलं आहे, आणि उत्तम केलं आहे. विल्यम वायलर यांचा 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज' (१९४६) तीन सैनिक घरी परततात तिथून सुरू होतो. त्यातला होमर हा खलाशी दोन्ही हात गमावून आलेला आहे. ही भूमिका हॅरल्ड रसेल यांनी केली. ते नट नव्हते. ६ जून १९४४ ला, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरत होत्या त्याच दिवशी, अमेरिकेत प्रशिक्षण देताना स्फोटात त्यांचे दोन्ही हात गेले. आघाडी न बघताच गेले. युद्धाचा हाही हिशेब असतो, तो चित्रपटांत सहसा दिसत नाही.

रात्री झोपताना होमर आपल्या मैत्रिणीला खोलीत बोलावतो आणि हातांच्या जागी लावलेले धातूचे आकडे (हुक) कसे काढतो ते दाखवतो. आकडे काढले की मी दारही उघडू शकत नाही, असं सांगतो. दया मागण्यासाठी नाही, तिने डोळे उघडे ठेवून निर्णय घ्यावा म्हणून. तो प्रसंग आमच्याकडे लावला तेव्हा मागच्या रांगेतल्या खुर्च्यांचा आवाजसुद्धा थांबला होता. रसेल यांना या एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळाले.

आपल्याकडे मुरलीकांत पेटकर आहेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं, आणि पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. 'चंदू चॅम्पियन' (२०२४) त्यांच्यावर आहे. तो आवर्जून बघा, पण माझी एक खंत आहे. रुग्णालयातले महिने आणि मधली विस्मरणाची वर्षं, जिथे खरी किंमत चुकवली गेली, तिथून चित्रपट पदकाकडे फार घाईने धावतो.

६. आणि मनावरचे घाव?

नाव बदलत गेलं, दुखणं तेच राहिलं. पहिल्या महायुद्धात त्याला 'शेल शॉक' म्हणू लागले. 'पीटीएसडी', म्हणजे आघातानंतर मनात घर करून राहणारा ताणाचा विकार, हे निदान अमेरिकेच्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत १९८० मध्ये आलं, व्हिएतनामहून परतलेल्यांमुळे.

जॉन ह्युस्टन यांनी अमेरिकी लष्करासाठीच 'लेट देअर बी लाइट' हा माहितीपट केला होता. मनाने कोसळलेले सैनिक रुग्णालयात येतात, बोलता बोलता रडतात, कुणाची वाचा गेलेली असते, कुणाला चालता येत नाही. १९४६ मध्ये लष्करानेच तो अडवला. रुग्णांच्या खासगीपणाचं कारण दिलं गेलं. लोकांसमोर यायला त्याला जवळपास ३५ वर्षं लागली. साधी, कृष्णधवल, तासाभराची फिल्म आहे.

आरी फोलमन यांच्या 'वॉल्ट्झ विथ बशीर' (२००८) मध्ये लेबनॉनच्या युद्धातल्या आपल्याच आठवणी का पुसल्या गेल्या, हे एक इस्रायली सैनिक शोधत जातो. ॲनिमेशन आहे, पण मुलांसाठी अजिबात नाही.

७. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'ची सुरुवात म्हणजे हुबेहूब युद्ध, असं म्हणतात. खरंच तसं असतं का?

नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यावरची ती पहिली पंचवीसेक मिनिटं पाहून लढून आलेल्यांनीच ती जवळची असल्याचं सांगितलं. १९९८ मध्ये चित्रपट लागल्यावर अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाला त्यांच्यासाठी मदतीची दूरध्वनी सेवा ठेवावी लागली होती, इतक्या जुन्या आठवणी उसळल्या. भिंगांवरचा संरक्षक लेप काढून, शटरचा कोन कमी करून प्रतिमा खरखरीत आणि तुटक केली होती. स्फोटात अवयव तुटलेले दाखवायला खरोखरच हातपाय गमावलेली माणसं घेतली होती.

पण हुबेहूब असणं आणि खरं असणं यात फरक आहे. दृश्य आणि आवाज तो चित्रपट पोचवतो. वास, तहान, आठवडेच्या आठवडे काहीच न घडण्याचा कंटाळा, ओले पाय हे अडीच तासांत मावत नाही. पाणबुडीवरच्या 'दास बूट' (१९८१) मध्ये त्यातलं थोडं सापडतं. दाढ्या वाढतात, पावाला बुरशी येते, माणसं एकमेकांना सोसेनाशी होतात. सुरुवातीलाच एक ओळ येते, की ४०,००० जर्मन पाणबुडी खलाशांपैकी ३०,००० परतले नाहीत.

८. कुठलाही युद्धपट शेवटी युद्धाचीच जाहिरात करतो, हे खरं आहे का?

हे मत फ्रेंच दिग्दर्शक फ्राँस्वा त्रुफो यांच्या नावाने सांगितलं जातं. पडद्यावर लढाई आली की ती थरारक होते, आणि थरार बघणाऱ्याला ओढतो, असा त्याचा आशय. पुरावा हवा असेल तर 'जारहेड' (२००५) बघा. आखाती युद्धावर जाणारे तरुण अमेरिकी मरीन सैनिक व्हिएतनाम युद्धावरच्या 'अपोकॅलिप्स नाऊ'मधला हेलिकॉप्टरहल्ल्याचा प्रसंग बघत आरडाओरडा करत नाचतात. युद्धाचं वेड दाखवायला रचलेला प्रसंग त्यांच्यासाठी स्फुरण झालेला असतो.

मला मात्र हे मत अर्धंच पटतं. सगळे चित्रपट युद्धाची जाहिरात करत असते, तर डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनच्या थिएटरात नाझी नेता गोबेल्सच्या माणसांनी प्रश्न ४ मधला जुना चित्रपट बंद पाडायला पांढरे उंदीर आणि घाण वासाचे गोळे सोडलेच नसते. काही दिवसांत जर्मनीत त्यावर बंदी आली. युद्ध हवं असणाऱ्यांना त्या चित्रपटाची भीती वाटत होती. थरार येतो तो लढाईतून. ज्या चित्रपटाचा जीव लढाईनंतरच्या वेळात असतो, तो बघून कुणी नाचत नाही.

९. 'बॉर्डर' आमच्या घरात सगळ्यांचा आवडता आहे. त्यात तुम्हाला खटकतं ते काय?

तो माझ्याही घरात आवडता आहे, आणि पत्रं वाटली जातात तो भाग मला आजही रडवतो. घरून आलेलं पत्र हातात घेतलेला जवान हे हिंदी सिनेमाने दाखवलेलं फार खरं चित्र आहे.

खटकतं ते वेगळं. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्याबरोबर पंजाब रेजिमेंटचे सव्वाशेच्या आत-बाहेर जवान होते, आणि समोर रणगाड्यांची फौज. आपल्या बाजूचे दोन जवान गेले. चित्रपटात एकामागून एक मुख्य पात्रं धारातीर्थी पडतात. त्यातले सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड पडद्यावर १९९७ मध्ये हुतात्मा झाले. प्रत्यक्षात ते डिसेंबर २०२२ पर्यंत हयात होते.

जिवंत माणसाला पडद्यावर मारलं की प्रेक्षक जास्त रडतो, हे खरं. पण जे दोघे खरोखर गेले त्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? खोटी मरणं जास्त झाली की खरी मरणं झाकली जातात. या बाबतीत चेतन आनंद यांचा 'हकीकत' (१९६४) मला अधिक प्रामाणिक वाटतो. १९६२ चा पराभव ताजा असताना, लडाखमध्ये जाऊन केलेला, माघार घेणाऱ्या थकलेल्या तुकडीचा चित्रपट. त्यात थंडी आहे, अपुरी साधनं आहेत, आणि हरणं आहे.

१०. लष्कराची मदत घेतली की तो प्रचारपट होतो का?

आपोआप होत नाही. रणगाडे, विमानं, जवान भाड्याने मिळत नाहीत, मदत घ्यावीच लागते. मात्र मदतीबरोबर पटकथाही तपासली जाते. 'टॉप गन' (१९८६) ला अमेरिकी नौदलाने जहाजं-विमानं दिली आणि काही थिएटरांबाहेर भरतीची टेबलं लागली. 'अपोकॅलिप्स नाऊ'ला पेंटॅगॉनची मदत मिळाली नाही, हेलिकॉप्टर फिलिपिन्सच्या लष्कराची होती. आपल्याकडे संरक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये सेन्सॉर बोर्डाला कळवलं, की लष्करावरच्या चित्रपटांना आधी मंत्रालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायला सांगा.

मी एवढंच बघते: वरिष्ठांची चूक दाखवायला परवानगी होती का? कुब्रिक यांच्या 'पाथ्स ऑफ ग्लोरी' (१९५७) मध्ये फ्रेंच सेनापती आपली चूक झाकायला आपल्याच तीन शिपायांना गोळ्या घालायला लावतात. पहिल्या महायुद्धात असे प्रकार खरोखर घडले होते. फ्रान्समध्ये तो १९७५ पर्यंत दाखवला गेला नाही.

११. शत्रूचं दुःख दाखवणं म्हणजे आपल्या जवानांचा अपमान नाही का?

हा प्रश्न रागाने येतो आणि मला तो राग समजतो. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याने पलीकडच्याचं दुःख समजून घ्यावं, अशी मागणी करायचा हक्क कुणालाच नाही.

पण क्लिंट ईस्टवुड यांनी २००६ मध्ये काय केलं ते बघा. इवो जिमाच्या एकाच लढाईवर त्यांनी दोन चित्रपट केले. 'फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स' अमेरिकनांच्या बाजूचा आणि 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा' जपान्यांच्या बाजूचा, जपानी भाषेत. १९४५ मध्ये त्या लहानशा बेटावर सुमारे ६,८०० अमेरिकन गेले. जपानी फौज विसेक हजारांची, तिच्यातले अगदी थोडे वाचले. दुसऱ्या चित्रपटात एका पकडलेल्या अमेरिकन पोराच्या खिशातलं आईचं पत्र वाचून दाखवलं जातं, आणि ऐकणाऱ्या जपानी शिपायाला कळतं की आपल्या आईचे शब्दही हेच आहेत. यात कुठल्याच बाजूचा मान कमी झालेला मला दिसला नाही.

१२. दोन्ही महायुद्धांत आपल्याकडची एवढी माणसं गेली. चित्रपटांत ती कुठे आहेत?

जवळजवळ कुठेच नाहीत. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांच्या आसपास भारतीय समुद्रापार गेले, सुमारे ७४,००० परतले नाहीत. दुसऱ्यात फौज पंचवीस लाखांवर गेली, मृत्यू सुमारे ८७,०००. 'डंकर्क' (२०१७) लागला तेव्हा टीका झाली, की तिथे भारतीय खेचर-तुकड्या होत्या, त्या दिसत नाहीत. सॅम मेंडिस यांच्या '१९१७' (२०१९) मध्ये एक शीख सैनिक थोडा वेळ दिसतो.

आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांच्या स्मरणाचा स्तंभ गावात आहे. आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. उपासमारीनंतर एप्रिल १९१६ मध्ये शरणागती, मग वाळवंटातली कैद. माणगावजवळचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले आणि पडले, वय २२, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. परक्या राजासाठी परक्या मुलखात मेलेली ही माणसं ना तिकडच्या सिनेमात बसली ना इकडच्या. मला आयुष्यात एक मराठी चित्रपट बघायचाय तो कुतवरचा.

१३. मुलांना कोणते दाखवावेत? कार्टून असेल तर चालेल ना?

कार्टून आहे म्हणून डोळे मिटून लावू नका. इसाओ ताकाहाता यांच्या 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) बाबतीत ही चूक दर वर्षी कुणीतरी करतं. कोबे शहरावरच्या १९४५ मधल्या बाँबहल्ल्यानंतर सेइता आणि त्याची चिमुकली बहीण सेत्सुको उपासमारीने हळूहळू संपतात. ज्यांच्या कथेवर तो आहे, त्या अकियुकी नोसाका यांची लहान बहीण युद्धात अशीच गेली होती. लढाई शून्य, सैनिक जवळजवळ नाहीत, आणि तरी युद्धाचं याहून अचूक चित्र मी पाहिलेलं नाही. सेत्सुकोच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा आधी खाऊचा असतो, मग त्यात पाणी घालून ढवळलेलं गोड पाणी उरतं, आणि शेवटी त्यात तिच्या अस्थी असतात.

आठवी-नववीच्या मुलांना, स्वतः शेजारी बसून, जरूर दाखवा. लहानांना नको. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर आता यूए ७+, १३+ आणि १६+ असे वेगळे गट असतात, ते बघा, पण फक्त त्यावर विसंबू नका.

१४. 'कम अँड सी' इतका भयंकर आहे तर बघायचा कशाला?

बघायलाच हवा असं मी कुणालाही सांगत नाही. एलेम क्लिमोव्ह यांचा हा १९८५ चा चित्रपट बेलारूसमध्ये घडतो. जर्मन फौजांनी तिथली शेकडो गावं माणसांसकट जाळली. खातिन गावात २२ मार्च १९४३ ला एका कोठारात कोंडून १४९ जणांना मारलं. सहलेखक आलेस अदामोविच पोरवयात स्वतः तिथल्या बंडखोर सैनिकांत होते, त्यांनी वाचलेल्यांच्या साक्षी गोळा केल्या होत्या.

फ्ल्योरा हा पोरगा हौसेने बंदूक उकरून काढतो आणि लढायला जातो. काही दिवसांतच त्याच्या चेहऱ्यावर म्हाताऱ्याच्या सुरकुत्या येतात. भयंकर दृश्यांपेक्षा तो चेहरा मला जास्त छळतो. प्रश्न ८ चं उत्तर शोधत असाल तर हा चित्रपट आहे. यात कुणालाच स्फुरण चढत नाही.

१५. खरी जुनी चित्रफीत असेल तर ती तरी शंभर टक्के खरी ना?

नाही. 'द बॅटल ऑफ द सॉम' हा माहितीपट ऑगस्ट १९१६ मध्ये, ती लढाई चालू असतानाच ब्रिटनमध्ये लागला. सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटं गेली. खंदकातून वर चढणारे आणि त्यातच कोसळणारे सैनिक हा त्यातला सगळ्यात गाजलेला तुकडा आघाडीमागे प्रशिक्षणाच्या जागी रचून घेतलेला आहे. पण त्याच चित्रपटातली जखमींची, प्रेतांची दृश्यं खरी आहेत. आपल्या मुलाचा चेहरा दिसेल म्हणून आया तो बघायला जात, हे वाचल्यापासून मला त्यातला कुठलाच चेहरा नुसता चेहरा वाटत नाही.

१६. एकही लढाई नसलेला चित्रपट युद्धपट कसा?

'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) घ्या. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून, जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये गेले. बाकीचे परतले, ते राहिले. आघाडीजवळ शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या ३२ व्या वर्षी, आजारपणात गेले. गोळी लागली नाही. पण अतिश्रम, अपुरं खाणं आणि थंडी यांनी जो माणूस संपवला, त्याला युद्धानेच मारलं असं मी म्हणते. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शनही केलं आणि कोटणीसही साकारले. निरोपाचे प्रसंग आज भाबडे वाटतील, पण जखमींच्या रांगा बघा.

'जारहेड'मधला नायकही पूर्ण युद्धात शत्रूवर एक गोळी झाडत नाही. तोही युद्धपटच.

१७. मग 'पावनखिंड', 'पानिपत' यांसारख्या ऐतिहासिक चित्रपटांना ही कसोटी लावणं योग्य आहे का?

लावताना हात थोडा हलका ठेवावा. हे चित्रपट पोवाड्याच्या परंपरेतले आहेत, आणि पोवाड्याचं काम स्फुरण देणं हेच आहे. १६६० मध्ये खिंड लढवणाऱ्या बाजीप्रभूंची गोष्ट ऐकताना मला स्वतःला अजून भरून येतं, त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

पानिपताला मात्र ही कसोटी लावलीच पाहिजे. त्या फौजेबरोबर बायका होत्या, यात्रेकरू, वाणी, आचारी, मोतद्दार, भिस्ती होते. जानेवारी १७६१ मध्ये उपाशी पोटी वेढा फोडायला निघालेल्या त्या गर्दीत ते सगळे होते. आपण त्यांना बुणगे म्हणतो, आणि 'बाजारबुणगे' ही तर शिवी करून टाकली. लढाईनंतर कापले गेले, पकडून विकले गेले ते मोठ्या संख्येने हेच. 'संक्रांत कोसळली' हे आपण आजही सहज बोलतो, पण ती कुणाकुणावर कोसळली ते २०१९ च्या भव्य चित्रपटातही मागे धूसर राहतं. एखाद्या भिस्त्याच्या किंवा आचाऱ्याच्या डोळ्यांनी पानिपत दाखवणारा दिग्दर्शक मराठीत अजून यायचा आहे.

१८. आमच्या घरी निवृत्त फौजी आहेत. त्यांच्यासोबत असे चित्रपट बघावेत का?

आधी विचारा. "लावू का?" एवढंच. कुणी हो म्हणतं, कुणी पाणी प्यायला म्हणून उठून जातं. उठून गेलेल्याला परत बोलावू नका, आणि "तुम्ही असं काही पाहिलंत का, मारलंत का" हे कधीही विचारू नका. मोठ्या आवाजांचे प्रसंग येणार असतील तर आधी सांगा. नंतर झोप उडाली, चिडचिड वाढली, गप्प गप्प राहू लागले, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही मदत करतो.

बोलणं निघालंच तर ते बहुधा लढाईबद्दल नसतं. आमच्याकडे येणारे एक निवृत्त हवालदार दोन वर्षं मागे बसून सगळे चित्रपट बघत होते, एका शब्दाने बोलले नव्हते. प्रश्न ३ मधला अल्योशाचा चित्रपट लावला त्या दिवशी दिवे लागल्यावरही ते उठेनात. मी चहा घेऊन गेले. कप हातात धरून त्यांनी मला विचारलं, "ताई, मग त्याच्या आईचं छप्पर शेवटी शाकारलं कुणी?"